मुलांच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला

सगळं लगेच जमायला हवं, हा ताण आधी सोडा. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- 'अजिबात दुखणार नाही' असं म्हणू नका. 'थोडं टोचेल, मी इथेच आहे' म्हणा. एकदा खोट्या ठरलात की पुढची प्रत्येक सुई अवघड जाते.
- मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बिलगून बसू द्या. शक्य असेल तेव्हा कुठल्या हाताला टोचायचं, ते त्यालाच ठरवू द्या. तान्हं बाळ असेल तर त्याच वेळी अंगावर पाजल्याने वेदना कमी होतात.
- गप्प पडून राहिलेलं मूल 'शहाणं' समजून पुढे जाऊ नका. कुठे दुखतंय, विचारा.

आईवडील चिडले तर बहुतेकदा ती भीती असते. शेजारी बसा, आधी ऐकून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते आईवडिलांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. घाबरलेल्या माणसाच्या कानावरून निम्मं निसटलेलं असतं.