गच्चीच्या मेम्ब्रेनवरील भेगा

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सात वर्षांपूर्वी डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) बसवले होते. यंदा उन्हाळ्यात त्यावर जागोजागी भेगा दिसू लागल्या आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर एका खोलीत ओलीचा डाग आहे, बाकी छत कोरडे आहे. कंत्राटदार मात्र सगळे मेम्ब्रेन काढून नवे टाकायला सांगतो. खरे नुकसान किती, हे कसे ओळखावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : सर्व भेगा सारख्या नसतात. वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरण आणि उष्णता यांमुळे डांबरातील हलके तेलकट घटक उडून जातात, डांबर ठिसूळ होते आणि पृष्ठभागावर मगरीच्या पाठीसारखे जाळे उमटते. आपल्याकडे मेम्ब्रेनवर चंदेरी अ‍ॅल्युमिनियम रंग देतात तो याचसाठी, आणि दर काही वर्षांनी तो पुन्हा द्यायचा असतो, हे बहुतेक सोसायट्या विसरतात. सरळ, लांबलचक भेग असेल तर कारण बहुधा खाली असते. तापमान 30 अंशांनी बदलले की 10 मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे 3 मिलिमीटरने लांबतो किंवा आखडतो, आणि जुने मेम्ब्रेन तेवढे ताणले जात नाही. कठड्याच्या कडेला भेग असल्यास तिथला वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातली सिमेंटची भर) नीट गोलाईत भरला होता का, ते पाहावे. काटकोनात वळवलेले मेम्ब्रेन सर्वांत आधी तिथेच फाटते.

पाहणी सकाळी करावी. भेग ब्रशने साफ करून तिच्यात सुई हलकेच सरकवावी. आतल्या पॉलिएस्टरच्या थराचे तंतू दिसत नसतील, तर नुकसान वरवरचे आहे. तंतू दिसले किंवा तुटलेले आढळले, तर पाणी खाली जात आहे असे धरून चालावे. नाण्याने ठोकत गेल्यास जिथे पोकळ आवाज येतो, तिथे मेम्ब्रेन कोब्यापासून (स्लॅबवरच्या उताराच्या थरापासून) सुटलेले असते. अशा एका जागी हातभर चौकोन कापून खालचा कोबा ओला आहे का, ते पाहावे आणि तो तुकडा लगेच बुजवून घ्यावा. डागाच्या बरोबर वर भेग शोधण्यात वेळ घालवू नये, कारण कोब्यात शिरलेले पाणी उताराने वाहत दुसरीकडेच झिरपते. डाग ऐन उन्हाळ्यातही वाढत असेल, तर आधी वरची टाकी आणि नळाची पाइपलाइन तपासावी.

त्यानंतर पाणी वाहून जाण्याची जाळी बंद करून गच्चीच्या एका भागात 48 तास पाणी साठवावे. सखल भागातही ते चार-पाच सेंटिमीटरहून खोल नको. शेजारी पाण्याची एक बादली ठेवून खूण करावी. बादलीपेक्षा गच्चीवरची पातळी जास्त उतरली, तर फरक बाष्पीभवनाचा नाही.

कोबा कोरडा आणि भेगा वरवरच्या असल्यास पृष्ठभाग साफ करून नवे संरक्षक लेपन पुरेसे ठरते. मोजक्या जागी फाटले असेल, तर दोन्ही बाजूंना किमान 15 सेंटिमीटर जाईल असा तुकडा गॅस टॉर्चने चिकटवून घ्यावा. कोबा बराच ओला निघाला, तरच कंत्राटदाराचे म्हणणे मान्य करावे, आणि तेव्हाही जुन्या ओल्या थरावर नवे मेम्ब्रेन टाकू देऊ नये, कारण आतली वाफ पुढच्या उन्हाळ्यात फुगे आणते.