बेक आडनावाचा अर्थ: आधी गाव शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावयांचं आडनाव बेक (Beck), घराणं जर्मनीतलं असल्याचं त्यांच्या घरात ऐकीव आहे, पण इंटरनेटवर ‘बेक म्हणजे ओढा, आडनाव इंग्रजी’ असं सापडलं. यातलं बरोबर काय?

दोन्ही बरोबर असू शकतं. वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या कारणांनी पडलेली चार-पाच आडनावं या एकाच स्पेलिंगमध्ये येऊन मिळाली आहेत. म्हणून अर्थ आधी पकडून गाव मागाहून शोधायला गेलं की हमखास घोळ होतो.

जर्मनीचंच बघा. दक्षिणेत, म्हणजे श्वाबेन, बाडेन, बव्हेरिया या भागांत, बेक म्हणजे पाव भाजणारा. उत्तरेत त्याच धंद्याचं आडनाव सहसा बेकर होतं आणि बेक म्हणजे ओढा. हाम्बुर्गच्या आसपासची वान्ड्सबेक, राइनबेक ही नावं त्यातलीच. तोच ओढा दक्षिणेत ‘बाख’ होतो, जसं ओफेनबाख. याचं कारण उच्चारात आहे: दक्षिणेकडच्या बोलींत स्वरानंतरचा ‘क’ घासून ‘ख’ झाला, उत्तरेच्या बोलींत तो तसाच राहिला. ‘करणे’ला उत्तरेत ‘माकेन’ आणि दक्षिणेत ‘माखेन’ म्हणतात, तेही यामुळेच. ही सीमारेषा ड्युसेलडॉर्फमधल्या बेनराथजवळून ऱ्हाइन नदी ओलांडते. तेव्हा स्टुटगार्टकडचे बेक बहुतेक पाववाले, हाम्बुर्गकडचे बहुतेक ओढ्याकाठचे. ल्युबेक शहराला मात्र यात ओढू नका, ते नाव स्लाव्ह भाषेतून आलंय.

पाव भाजणारा गावोगाव असायचा, त्यामुळे दोन बेक घराणी एकमेकांची भाऊबंद असतीलच असं नाही. आपल्याकडे सगळे कुलकर्णी कुठे एका कुळातले असतात?

इंग्लंडमध्ये यॉर्कशर, कंब्रिया, लिंकनशर या पट्ट्यात ओढ्याला आजही बेक म्हणतात. व्हायकिंग वसाहतींबरोबर आलेला हा नॉर्स शब्द. पण याच स्पेलिंगमागे नॉर्मंडीतलं बेक हे गाव, जुन्या फ्रेंचमधली ‘चोच’ (नाकावरून पडलेलं टोपणनाव) किंवा जुन्या इंग्रजीतली ‘कुदळ’ही असू शकते. मध्ययुगीन नोंद मिळाली तर नावाआधीचा छोटा शब्द नीट बघा. ‘ॲट’ किंवा ‘डेल’ असेल तर ओढा, ‘ले’ असेल तर टोपणनावाची शक्यता जास्त. नुसतं ‘द’ (फ्रेंच de, इंग्रजी the नव्हे) असेल तर ते ठिकाणाचं नाव, मग नॉर्मंडीही तपासावी लागते.

काही ज्यू घराण्यांत बेक हे ‘हुतात्म्यांची लेकरं’ अशा अर्थाच्या हिब्रू शब्दांचं लघुरूप मानतात. आणि भारतातल्या वाचकांसाठी महत्त्वाचं: झारखंड-छत्तीसगडमधल्या उराँव समाजात बेक हे गोत्रनाम आहे, कुडुख भाषेत त्याचा अर्थ मीठ. रांचीत 1845 साली जर्मन मिशनरी आले म्हणून काही जण याचा संबंध जर्मनीशी जोडतात. तो चुकीचा आहे.

आता शोध कसा घ्यायचा. जावयांपासून एकेक पिढी मागे जा, मध्ये उडी मारू नका. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. 1851 पासूनच्या जनगणनेत जन्मगाव मिळतं, पण परदेशात जन्मलेल्यांपुढे अनेकदा फक्त देशाचं नाव असतं. बहुतेकांचा शोध इथेच अडतो. अशा वेळी नागरिकत्वाचे कागद बघा, किंवा हाम्बुर्ग बंदरातल्या प्रवाशांच्या याद्या (1850 ते 1934). त्यांत प्रवाशाचं राहतं गाव लिहिलेलं असतं. ब्रेमेनच्या याद्या मात्र बहुतांश नष्ट झाल्या आहेत.

जर्मनीत सरकारी नोंदणी देशभर 1876 पासून, प्रशियात 1874 पासून. त्याआधी चर्चच्या वह्या, आणि तिथे तीन अडचणी येतात. पहिली लिपीची: जुन्या कुरेंट हस्ताक्षरात ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं, त्यामुळे अनुक्रमणिकेत नाव भलतंच वाचलेलं असू शकतं. दुसरी स्त्रियांची: दक्षिणेत अठराव्या शतकात बेकांची मुलगी किंवा बायको ‘बेकिन’ अशी लिहिलेली सापडते. ते वेगळं आडनाव समजून सोडून देऊ नका. तिसरी स्पेलिंगची: बव्हेरियात ‘ब’ आणि ‘प’ची अदलाबदल होते, म्हणून पेक, ब्योक हेही शोधा. लॅटिन नोंदीत पाववाला ‘पिस्टोर’ होतो.

वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात तर शेतघराचं नाव माणसाला चिकटायचं. घरजावई शेतावर राहायला गेला की त्याचं आडनाव बदलायचं. नोंदीत ‘गेनांट’ (म्हणजे ‘ऊर्फ’) दिसलं, तर दोन्ही नावांनी शोध घ्या.

‘बेक घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून फ्रेम विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. वाय-डीएनए चाचणीही (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची) आत्ताच नको. तुलनेला दुसरा बेक पुरुष नसेल तर हाती फारसं काही लागत नाही.

जावयांच्या पणजोबांचं पूर्ण नाव, धर्मपंथ आणि जन्माचं अंदाजे साल मिळालं की इथेच लिहा. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वह्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात, त्यामुळे पुढचा रस्ता पंथावरून ठरेल.