चेहऱ्याची हजेरी सक्तीची असावी का?

प्रश्न: कारखान्याच्या गेटवर चेहरा ओळखणारं हजेरीयंत्र बसवलंय. कार्ड बंद. नकार देता येईल का?

उत्तर: पर्याय लेखी मागा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांनी सर्को लेझर (Serco Leisure) या क्रीडाकेंद्रं चालवणाऱ्या कंपनीची ३८ केंद्रांवरची अशीच हजेरी थांबवायला लावली; २,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना कार्डासारखा पर्याय पुढे ठेवलाच नव्हता. तो आदेश इथे बंधनकारक नाही, मुद्दा मात्र तोच: पगार देणाऱ्यापुढे मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. हरवलेलं कार्ड बदलता येतं, चेहरा नाही. चेहऱ्याच्या मोजमापांचा साचा कुठे साठवतात, नोकरी सोडल्यावर कधी पुसतात, हेही विचारा. साचा कामगाराच्याच कार्डात ठेवून गेटवर एकास-एक पडताळणी, म्हणजे समोरचा चेहरा फक्त त्याच साच्याशी जुळवून पाहणं, करता येते. पाठीमागून ऊन आलं की यंत्र चुकू शकतं. खाडा लागू नये म्हणून तिथे रजिस्टर हवंच.