स्पर्धेतला लाडू आणि घरची भाकरी

प्रश्न: ताई, मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. दर सप्टेंबरला पोषण महिन्यात पाककृती स्पर्धा घेतो. बायका हौसेनं नाचणीचे लाडू, रंगीत ढोकळे करून आणतात, फोटो निघतात, नंबर निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच पोरं पाच रुपयांचा पुडा घेऊन अंगणवाडीत येतात. घरचं रोजचं जेवण बदलायला काय करू?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, तुम्ही हा प्रश्न विचारलात हेच मला फार आवडलं. तुमच्याकडं नाचणी पिकते कुठं? ती विकत आणायची, लाडवाला तूप घालायचं, हे एक दिवस जमतं, रोज कोण करणार! बाजरी, ज्वारी, तूर, शेंगदाणे, तीळ, दारातला शेवगा, एवढ्यावरच कार्यक्रम घ्या, आणि अंगणवाडीत मांडण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी, तिच्याच चुलीवर, चार-पाच घरच्या बायका मिळून रांधा. सासूबाईंना मुद्दाम बोलवा, कारण बाळाला काय द्यायचं ते बऱ्याच घरांत त्याच ठरवतात, आणि बाजार बाप करत असेल तर त्यालाही.

सगळ्यांसमोर एकच गोष्ट नीट करून दाखवा. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं सुरू करताना बहुतेक जणी वरणाचं नुसतं पाणी पाजतात, त्याचं पोट एवढंसं, ते पाण्यानंच भरतं आणि अंगी काही लागत नाही. घट्ट वरणात भाकरी कुस्करा, चमचाभर तेल घाला, शेवग्याचा कोवळा पाला शिजवून त्यातच घोटा, आणि तिथंच बाळाला भरवा. पोरानं आवडीनं खाल्लेलं सासूनं डोळ्यांनी बघितलं की निम्मं काम झालं. मोठ्यांना पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगा, जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह नीट अंगी लागत नाही.

आणि तुमच्या भागातलं खरं अवघड म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर गेल्या की पहाटे फडात जाणारी बाई लेकरासाठी वेगळं काय शिजवणार, म्हणून पुडा हातात येतो. जायच्या आधी एक दिवस सगळ्यांनी मिळून पीठ करा: दोन वाट्या ज्वारी, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे, वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, पाणी उकळून त्यात गूळ आणि हे पीठ घातलं की पाच-सात मिनिटांत लापशी तयार. शेंगदाण्यामुळं पीठ खवट होतं, तेव्हा थोडं थोडंच दळून न्यायला सांगा, बाकीचं भाजलेलं धान्य तसंच डब्यात.