अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन हे बुरशीनाशक खरंच अळंबीपासून काढतात का?

नाही, ते कारखान्यातच बनतं. पण त्याच्या रेणूची मूळ कल्पना मात्र अळंबीचीच. युरोपात मातीत गाडल्या गेलेल्या पाइनच्या शंकूंवर स्ट्रोबिल्युरस नावाची चिमुकली अळंबी उगवते. शेजारच्या बुरशींना हुसकावायला ती स्ट्रोबिल्युरिन नावाचं रसायन सोडते आणि त्यांच्या पेशींचं श्वसनच बंद पाडते. १९७७ मध्ये जर्मन संशोधकांनी ते वेगळं केलं, पण उन्हात ते चटकन मोडायचं, म्हणजे शेतात बिनकामाचं! मग उन्हात टिकेल अशी रचना घडवली गेली आणि १९९६ मध्ये अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन बाजारात आलं. एक जपा: ते बुरशीच्या पेशीत एकाच जागी घाव घालतं, त्यामुळे बुरशीच्या तेवढ्या जागेत बदल झाला तरी औषध लागू पडत नाही. द्राक्षावरच्या केवडा (डाऊनी मिल्ड्यू) रोगाच्या बुरशीत हे घडलंय. लागोपाठ तेच फवारू नका, वेगळ्या गटातलं औषध आलटून पालटून घ्या.