वाचकांचे प्रश्न : बागेत गेल्यावर घाई कशाची?

थंडीची चाहूल लागली की घरोघरी सहलींचे बेत सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही त्याबरोबर बदलतो. या वेळी सार्वजनिक बागा आणि निसर्गरम्य ठिकाणे यांविषयीची पाच पत्रे उत्तरासाठी निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नुकतेच निवृत्त झालो. एवढी वर्षे लोकल, नोकरी आणि घर यांतच गेली. मुंबईतली एकही बाग आम्ही धड पाहिलेली नाही. यजमानांनी येत्या रविवारसाठी राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अशी यादी केली आहे. एका दिवसात हे सगळे होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

चारही ठिकाणी पाय लावून येणे कदाचित जमेल, पण त्यातला बराचसा दिवस भायखळा, मलबार हिल आणि बोरिवली यांच्यामधल्या रस्त्यांवर आणि रेल्वेत जाईल, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर आपण काय पाहिले हे आठवताना दमणूक तेवढी आठवेल. शिवाय आता आपण दोघेही निवृत्त आहात, तेव्हा रविवारचा आग्रह कशासाठी? नोकरदारांना आणि शाळकरी मुलांना तो एकच दिवस मिळतो. आपल्याला सोमवार, मंगळवार, गुरुवार सगळे मोकळे आहेत. एका दिवशी एकच बाग असे ठरवा आणि सुरुवात राणीच्या बागेपासून करा. बुधवारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी बाग आणि तिच्या आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद असतात.

डोंबिवलीहून येणाऱ्यांसाठी ही बाग सोयीची आहे, कारण भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेला थोडे चालले की प्रवेशद्वार येते. 1862 साली लोकांसाठी खुली झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, पण बोलण्यात ती राणीची बागच राहिली आहे. बहुतेक लोक तिथे प्राणी पाहायला जातात, पेंग्विनच्या दालनासमोर रांग लावतात आणि परत फिरतात. मला स्वतःला या बागेचे खरे वैभव तिथल्या झाडांत वाटते, आणि झाडे पाहायला रांग लागत नाही. बागेत गोरखचिंच आहे. तिचे हत्तीच्या पायासारखे खोड पाहिले की हे झाड आफ्रिकेतले आहे हे न सांगताही पटते. तिची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांचे परागण करतात आणि सकाळी आपल्याला जमिनीवर पडलेली तेवढी दिसतात. मूळची ब्रह्मदेशातली उर्वशीही इथे आहे. हिवाळा सरत आला की तिच्या फांद्यांवरून लाल-पिवळ्या फुलांचे झुबके झुंबरासारखे खाली लोंबतात. तो बहर पाहण्यासाठी दर वर्षी न चुकता येणारी माणसे मुंबईत आहेत.

त्यातही एका झाडापाशी आपण दोघांनी पाच-दहा मिनिटे थांबावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते म्हणजे कैलासपती. याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, तर थेट खोडातून फुटलेल्या लांब, वेड्यावाकड्या दांड्यांवर येतात. खाली पडलेले एखादे ताजे फूल उचलून तळहातावर घ्या. जाड, मांसल, गुलाबी पाकळ्या, मध्ये केसरांची दाट चकती आणि त्या चकतीवर नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला दुसरा केसरसमूह असे त्याचे रूप आहे. फण्याखाली पिंड असल्याचा भास होतो, म्हणूनच हे नाव पडले. वासही असा गोड आणि भारी की बोटांना कितीतरी वेळ राहतो. त्याच झाडाला तोफगोळ्याएवढी गोल, तपकिरी फळे लागतात. ती पिकून फुटली की तितकीच दुर्गंधी सुटते, तेव्हा फळांच्या अगदी खाली मात्र उभे राहू नका.

दुपारच्या उन्हात भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरा. 1872 साली लोकांसाठी उघडलेल्या या इमारतीतले रंगीत छत आणि नक्षीदार लोखंडी खांब पाहतच तासभर सहज जातो. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती हा घारापुरीचा हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. 1864 मध्ये तो विलायतेला नेण्यासाठी उचलताना खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि 1914 च्या सुमारास जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे दिसतात.

आता यजमानांच्या यादीतली बाकीची ठिकाणे. हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट समोरासमोर आहेत, म्हणून त्यांची मिळून एक दुपार करा. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे, ही गोष्ट तिथे बसणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. संध्याकाळी, म्हातारीचा बूट ज्यात आहे त्या कमला नेहरू उद्यानाच्या कठड्याशी उभे राहिले की गिरगाव चौपाटीचा बाक आणि मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. त्यासाठी साडेपाचनंतरची वेळ धरा. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान हा पूर्ण वेगळा दिवस आहे आणि कान्हेरीची लेणी पाहायची असतील तर तो सकाळी लवकर सुरू झाला पाहिजे. चार ठिकाणांची यादी म्हणजे तीन सहली झाल्या, आणि निवृत्तीच्या पहिल्या हिवाळ्यासाठी हा बेत चांगला आहे.

प्रश्न : सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर पडणे जवळजवळ थांबले आहे. त्यांना "पर्वतीवर जाऊन आले की बरे वाटेल" असे वाटते. पुण्यात त्यांना कुठे नेता येईल? (एक वाचक, कोथरूड)

पर्वतीची ओढ मला समजते. ज्यांचे तरुणपण पुण्यात गेले त्यांच्या मनात त्या पायऱ्या घर करून असतात. पण शंभराहून जास्त पायऱ्या चढण्याचा आणि त्याहून जास्त त्रासाचा म्हणजे त्या उतरण्याचा धोका दुखऱ्या गुडघ्यांसाठी घेऊ नये. त्याऐवजी त्यांना पायथ्याशी, सारसबागेत न्या. तिथून पर्वती समोर दिसते, आणि ज्या जागेवर आपण बसतो तिथे पेशव्यांच्या काळी तळे होते. नानासाहेब पेशव्यांनी ते करवले, त्याच्या मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात 1784 मध्ये गणपतीची स्थापना झाली, म्हणूनच जुने पुणेकर आजही त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. हे पाहून आपल्या सासूबाईंना काय वाटेल ते मी सांगायला नको. ज्यांनी आयुष्यभर घरातल्या लहानांना थंडीत कानटोप्या घातल्या, त्यांना देवाची ही काळजी लगेच कळते.

सायंकाळी चारच्या सुमारास निघा, कारण महापालिकेच्या पुष्कळ बागा भर दुपारी बंद असतात आणि थंडीत सहानंतर गारवा वाढतो. बागेत पोचल्यावर "एक चक्कर मारू या" असे म्हणू नका. पाठ टेकता येईल असा पहिला बाक गाठा, तिथे पंधरा-वीस मिनिटे बसा, मग त्यांची इच्छा असेल तर पुढच्या बाकापर्यंत चला आणि पुन्हा बसा. चालणे किती झाले हे मोजू नये. स्वच्छतागृह कुठे आहे हे आत शिरतानाच पाहून ठेवा. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी केवळ या एका संकोचापायी बाहेर पडायचे टाळतात आणि कारण मात्र गुडघ्यांचे सांगतात.

सारसबागेतली सुट्टीच्या दिवशीची गर्दी नको असेल तर एम्प्रेस गार्डन पाहा. तिकीट काढून आत गेले की सुमारे 39 एकरांची जुनी, गर्द सावलीची बाग लागते. एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या जाडजूड वेली तिथे इतक्या जुन्या आहेत की वेल कुठली आणि खोड कुठले हे ओळखायला थांबावे लागते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. ते सुंदर असते, पण गर्दीही तशीच असते, तेव्हा सासूबाईंना न्यायचे असल्यास सकाळी दारे उघडताच न्या.

प्रश्न : बागेत घरचा डबा नेऊन सतरंजीवर बसून खाता येते का? (एक वाचक, नाशिक)

याचे एकच उत्तर नाही. काही बागांत हिरवळीवर बसायला मनाई असते, काही ठिकाणी खाद्यपदार्थ फाटकाशीच ठेवून घेतात, आणि प्राणिसंग्रहालय असेल तर तपासणी अधिक कडक असते, जे योग्यच आहे. फाटकावरच्या माणसाला आधी विचारा. परवानगी असेल तर स्टीलचे डबे आणि पाण्याची बाटली न्या, कागदी बशा आणि प्लॅस्टिकचे चमचे नकोत. दशम्या, कोरडी चटणी, गूळ, केळी असे न सांडणारे खाणे बागेसाठी उत्तम. केळ्यांची साले आणि उरलेसुरले डब्यातूनच घरी आणा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही कास पठारावर गेलो होतो. छायाचित्रांत दिसतात तसे फुलांचे गालिचे दिसले नाहीत, गर्दी मात्र खूप होती. मुलेही कंटाळली. पुन्हा जावे का? (एक वाचक, सांगली)

जावे, पण दुसऱ्या तऱ्हेने. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुले असतात. दर आठवड्याला रंग बदलतो, आणि पाऊस कसा पडला त्यावर सगळे अवलंबून असते. छायाचित्रातला गालिचा हा एखाद्या भाग्यवान सकाळचा असतो. कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे, त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे, आणि एवढ्याशा मातीत पावसाच्या ओलीवर तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पती तिथे आहेत. त्यामुळे त्या ठेंगण्या असतात आणि उभ्याने पाहणाऱ्याला त्यांतल्या निम्म्या दिसतच नाहीत.

मुलांना वाटेच्या कडेला उकिडवे बसवा आणि सीतेची आसवे दाखवा. नखाएवढे निळे-जांभळे फूल, पातळ देठ, बस्स. पण ही वनस्पती मांसाहारी आहे, हे मुलांना सांगा. तिच्या जमिनीलगतच्या भागांना बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जाऊन पचतात, कारण त्या पातळ मातीत नायट्रोजनसारखी पोषणद्रव्ये फार कमी असतात. हे ऐकल्यावर कंटाळलेले मूल दुसरे फूल शोधू लागते, हा माझा अनुभव आहे. मात्र आखलेली वाट सोडून एक पाऊलही आत टाकू देऊ नका. छायाचित्रासाठी फुलांत बसणारी माणसे पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. ज्या मातीला साठायला शतके लागली ती एका बैठकीत दबते. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे, आणि हंगामात प्रवेशाची आगाऊ नोंदणी करावी लागते. ती आठवड्याच्या मधल्या दिवसाची करा, सकाळच्या पहिल्या वेळेची करा आणि दुपारचा वेळ कास तलावाच्या काठी किंवा बामणोलीला शिवसागराच्या पाण्याजवळ घालवा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पतीचे निधन झाले. आम्ही दोघे रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जात होतो. आता एकटीने बागेत किंवा तळ्यावर जाऊन बसावेसे वाटते, पण लोक काय म्हणतील, आणि बसून करायचे तरी काय, असे वाटून पाऊल अडते. (एक वाचक, कोल्हापूर)

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण जरूर जावे. लोकांचे म्हणाल तर संध्याकाळी रंकाळ्याच्या पदपथावर शेकडो माणसे असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण आपापल्या गप्पांत, आपापल्या भेळेत आणि पोराबाळांत असतो. आपल्याला वाटते तेवढे आपल्याकडे कोणी पाहत नाही.

तरीही पहिल्याच दिवशी रंकाळ्यावर जाऊ नये असे मला वाटते, कारण तिथला कठडा, समोरचा शालिनी पॅलेस, पाण्यातला संध्यामठ हे सारे आपण दोघांनी मिळून पाहिलेले आहे आणि तिथे एकटीने बसणे पहिल्या दिवशी जड जाईल. त्याऐवजी टाऊन हॉलच्या बागेत सकाळी जा. ही बाग झाडांच्या विविधतेसाठी जाणकारांत नावाजलेली आहे. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या बायका असतात, त्यामुळे आपण एकट्या पडणार नाही, आणि कोणाशी बोलायचे नसेल तर तेही चालते. बसून काय करायचे, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे, कारण हाताला काम असण्याची सवय लागलेल्या माणसाला नुसते बसणे शिकावे लागते. यासाठी एक झाड निवडा. नाव ठाऊक नसले तरी हरकत नाही. आठवड्यातून दोनदा त्याच झाडाजवळ बसा आणि काय बदलले ते पाहा: पान गळते आहे का, नवी पालवी तांबडी आहे की पोपटी, कोणते पाखरू येते, मुंग्या कुठे चालल्या आहेत. एक लहान वही जवळ ठेवा आणि तारीख घालून दोन ओळी लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ आणि पालवी इतक्या वेगाने होते की आठवडा चुकला तर चुकल्याची रुखरुख लागते.

ऊन चढले तर त्याच आवारातल्या संग्रहालयात जा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू तिथे आहेत, आणि त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी ब्राँझमूर्तीही आहे. पंचगंगेच्या काठच्या गावात दूरच्या समुद्राचा देव कसा आला, हे तिच्यासमोर उभे राहिले की आपोआप मनात येते. रंकाळ्यावर जायला मन तयार झाले की ज्या बाजूला आपण दोघे बसत होता त्याच्या समोरच्या काठाने सुरुवात करा. आणि वहीत चार-सहा पाने भरली की आपण निवडलेल्या झाडाविषयी मला कळवा. नाव सापडले नसेल तर पानाची ठेवण, फुलाचा रंग आणि सालीचा पोत तेवढा लिहा. नाव शोधण्याचे काम माझ्याकडे लागले.