रडणारी 'सौम्य', गप्प बसलेला 'तीव्र': असं कसं?

प्रश्न (खानापूर तालुका) : नणंदेला डॉक्टरांनी सौम्य डिप्रेशन सांगितलं. गोळी नाही, नुसतं समुपदेशन आणि रोज चालणं. ती सारखी रडते, पण घरचं सगळं करते. थोरले दीर रडत नाहीत, बोलतही नाहीत. भात कापणीला आलं तरी शेताकडे फिरकले नाहीत, आंघोळीलासुद्धा मागं लागावं लागतं. त्यांना तीव्र म्हणाले, गोळ्या दिल्या, वर विजेच्या उपचाराचंही (शॉकचं) नाव काढलं. जास्त त्रास तर नणंदेलाच दिसायलाय!

उत्तर : किती रडू येतं यावर पातळी ठरत नाही. तीव्र अवस्थेत पुष्कळदा रडणंच आटतं. डॉक्टर तीन गोष्टी बघतात : लक्षणं किती आणि किती जोराची, रोजचं काय काय बंद पडलं, आणि जिवाला धोका आहे का. उदासी किंवा कशातच रस नसणं, यांपैकी एक तरी किमान २ आठवडे जवळजवळ रोज असावं लागतं. नणंदेचं रेटून का होईना चाललंय. दिरांचं थांबलंय.

यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली बरेच ठिकाणी वापरतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० ते २७ तीव्र. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. थायरॉईड कमी असलं, रक्त कमी असलं तरी थकवा आणि झोपेचे गुण वाढतात, म्हणून आधी रक्त तपासतात. शिवाय नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. बेरीज ७ आली आणि तिथं 'हो' असलं, तर त्या 'हो'बद्दल डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलायचं.

सौम्य डिप्रेशनमध्ये गोळीचा फायदा थोडा, दुष्परिणाम मात्र पुरते. म्हणून आधी समुपदेशन, चालणं आणि ठरल्या वेळी ठरलेलं छोटं काम. 'मन लागलं की करीन' इथंच गाडी अडते. आधी काम, मन मागून येतं. मात्र दोन-चार आठवड्यांनी परत दाखवायचंच, कारण सौम्यचं मध्यम व्हायला वेळ लागत नाही.

दिरांना गोळी आणि समुपदेशन दोन्ही लागेल. माणूस खाणंपिणं सोडतो, 'माझ्या पापानं घर बुडालं' अशा पक्क्या भ्रमात जातो किंवा जिवावर उठतो, तेव्हा विजेचा उपचार लवकर गुण देतो. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो करताच येत नाही. साधारण ६ ते १२ वेळा द्यावा लागतो. काही दिवस विसरायला होतं. दीर बरे होईपर्यंत शेतातली कीटकनाशकं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे, आणि त्यांना एकटं सोडू नका.

पूर्वी कधी त्यांनी झोपेविना दिवस काढले, भरमसाट बोलले, उधळपट्टी केली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. तो आजार वेगळा (बायपोलर); त्यात डिप्रेशनची गोळी एकटीच दिली तर उलटू शकते.

प्रश्न (निपाणी) : डिप्रेशनची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम गोळी दहा दिवस घेतली. मळमळ झाली, फरक शून्य. बंद केली. चुकलं का?

उत्तर : चुकलं, पण बहुतेकांचं इथंच चुकतं. त्रास पहिल्या आठवड्यात येतो, गुण दोन ते चार आठवड्यांनी. मळमळ बहुधा आपोआप ओसरते. जेवणानंतर घेतली तर कमी जाणवते. डॉक्टरांना फोन करून पुन्हा सुरू करा. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची ती हळूहळू डोस उतरवत. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं : बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार आले तर लगेच डॉक्टर.

प्रश्न (बेळगाव) : तीन वर्षं झाली, मनाला उभारीच नाही. नोकरी मात्र चुकली नाही. म्हणजे सौम्यच ना?

उत्तर : जोर कमी असेल, मुक्काम लांबला आहे. दोन वर्षांवर टिकलेल्या अशा उदासीचं निदान वेगळं होतं. 'माझा स्वभावच असा' म्हणून लोक ती अंगावर काढतात, आणि त्यावर तीव्र झटका बसू शकतो. दाखवून घ्या.

प्रश्न (चिकोडी) : डॉक्टर कन्नड बोलतात, वडिलांना मराठीच येते. 'बरं वाटत नाही' एवढंच सांगतात आणि टॉनिक घेऊन परततात.

उत्तर : घरूनच कागदावर लिहून न्या : झोप कधी लागते, पहाटे किती वाजता जाग येते (नेहमीपेक्षा दोन तास आधी येत असेल तर अधोरेखित करा), आधी किती भाकरी खात आणि आता किती, कोणती कामं कधीपासून सुटली. सोबत कन्नड येणारं कुणीतरी न्या, पण मरणाच्या विचारांचा प्रश्न पोटच्या पोरासमोर विचारायला लावू नका. वडील खरं सांगणार नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आधी मराठीत बोलता येतं. मोठ्या तपासणीसाठी धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.